मान धरेपर्यंत

होल्याचं पिल्लू मुठीत धरून मी त्याला डावीउजवीकडे झुलवत होते, तेवढ्यात दारात कुणीतरी खुदकन हसलं.

"अंगाई पण म्हणणार का आता?"

पिंजरे विकायला आलेला गालिह! मी लाजले... आणि म्हणूनच जास्त फणकारले.

"नजर तपासतेय. मोठ्या पक्ष्याचं अंग कितीही हलवा, डोकं जिथल्या तिथे राहतं. हा लहान आहे अजून. अंगाबरोबर डोकंही डुलतं."

"माझंही डुलतंय — मगापासून."

आम्ही होले वाढवून विकायचो; तेच पिल्लू त्याने विकत घेतलं. मग 'जरा बघ ना याला' म्हणत रोज संध्याकाळी तो हजर! मीही चहा ठेवूनच बसलेली असायचे.

आमच्या जावा बेटावर म्हणतात, पुरुषाला घर, बायको, घोडा, कट्यार आणि पक्षी हवा. माझे वडील, बापाक, तर पक्ष्यावरच अडून बसलेले. "ज्याचा होला खांबावर गायला नाही, त्याला माझी मुलगी नाही." आणि सोमवारी गालिहची बोट निघणार होती, कालिमंतानला, नोकरीवर. हातात होती फक्त रविवारची स्पर्धा, उंच खांबांवर पिंजरे चढवून होल्यांना गायला लावण्याची.

शनिवारी तो पक्षी घेऊन आला. "वेनिंग, चढवू ना उद्या?"

 मी पक्ष्याला अलगद झुलवलं. डोकं थांबलं... थांबलं... आणि किंचित सरकलं. कुणाला कळलंही नसतं! एक 'हो' म्हणायचं होतं फक्त. पण असा कच्चा पक्षी वाऱ्यात हलणाऱ्या खांबावर चढवला की भेदरतो, कधीकधी कायमचा मुका होतो.

"मास गालिह... त्याने अजून मान धरली नाही," मी म्हटलं आणि मला रडूच फुटलं.

 पिंजरा उचलून गालिह थेट ओसरीवर बापाकांपुढे जाऊन उभा राहिला. मीही मागोमाग धावले.

"बापाक, उद्या मी याला चढवत नाही. कच्चा आहे."

बापाकांनी स्वतः झुलवून पाहिलं. "महिनाभर तरी लागेल. तोवर तुझी बोट थांबणार आहे का?"

"बोट जाईल," गालिह म्हणाला. "मी थांबेन... वेनिंगसाठी."

बापाक त्याच्याकडे बघतच राहिले. 

"वेनिंग," शेवटी ते म्हणाले, "आणखी एक ताट वाढ."