कॉट नंबर चौदाचं दुखणं

मेडिकलच्या प्रवेशासाठी आता नुसते बायोलॉजीचे मार्क पुरत नव्हते, वेदना-प्रात्यक्षिकाचं जर्नलही लागायचं. आणि लातूरच्या त्या कॉलेजात जर्नल म्हटलं की ते उतरवायचंच असतं, हे शाल्मली बिराजदारला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं!

मनगटाला वेदनापट्टा बांधायचा आणि बटण दाबायचं, की समोरच्या इस्पितळातल्या एका पेशंटचं दुखणं दहा मिनिटं आपल्या अंगात यायचं. पट्टा दुखणं फक्त वाहून आणायचा. ते कुठे, कसं, दहापैकी किती, हे माणसालाच लिहावं लागे. म्हणून एका पेशंटमागे दोघं, एक सकाळच्या बॅचचा, एक दुपारच्या. दोघांचं जुळलं की डॉक्टर त्यावर विसंबत. शाल्मलीच्या वाट्याला कॉट नंबर चौदा आली होती. अर्धांगवायूनं वाचा गेलेले एक आजोबा.

"दहा मिनिटं कण्हत बसू, की टेस्ट सिरीज सोडवू?" असं म्हणत तिनं सात दिवस बटण बंदच ठेवलं आणि सकाळच्या बॅचमधल्या किमयाच्या जर्नलमधून बिनधास्त उतरवलं. पोट. सौम्य. दोन.

आठव्या दिवशी किमया आलीच नाही.

"आता गं काय करशील, डॉक्टरीणबाई?" शेजारची मसीरा फिदीफिदी हसली. "दाब की बटण! दोनच तर आहे."

शाल्मलीनं ऐटीत बटण दाबलं आणि बाकावर दुमडलीच. ओटीपोटात, उजवीकडे, कुणीतरी तापलेली सळई फिरवत होतं. ओरडायचं होतं, पण आवाजच फुटेना. आणि मग, एकदम, काहीच नाही.

"बघ, थांबलंसुद्धा," मसीरा म्हणाली.

शाल्मली ताडकन उठून बसली. परवाच्या टेस्टमध्ये हाच प्रश्न तिनं बरोबर सोडवला होता. अपेंडिक्स फुटलं, की दुखणं कधीकधी थोडा वेळ थांबतं. मग विष पोटभर पसरत जातं.

"सर! कॉट चौदा! अपेंडिक्स फुटलंय!"

ढवळे सरांनी शांतपणे जर्नल उघडलं. "अगं, सात दिवस दोनच आहे. दोन्ही बॅचेसचं जुळतंय. परीक्षेचं टेन्शन घेतलंयस तू."

खरं सांगितलं तर जर्नल रद्द, मेडिकल कायमचं बंद. पलीकडच्या इमारतीत एक माणूस होता, ज्याला सांगायचं असूनही सांगता येत नव्हतं.

"उतरवलंय, सर. सातही दिवस. मी बटण दाबलंच नव्हतं."

सरांनी झटकन वॉर्डला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वाजता वाजता त्यांची नजर त्या सात ओळींवरून फिरली. पोट, सौम्य, दोन. पोट, सौम्य, दोन. एका अक्षराचा फरक नाही.

"शाल्मली," त्यांनी हळूच विचारलं, "किमयानं तरी दाबलं होतं का गं?"