जागच्या जागी चढ

हँडलवर कपाळ टेकून एक माणूस गाढ झोपला होता, आणि त्याचे पाय मात्र पेडल मारतच होते.

सिस्टर दारातच थांबली. रात्रपाळी उरकून आलेल्या माणसाला कशाचंच फारसं नवल वाटत नाही. वॉर्डात तिने झोपेत हिशेब करणारे पाहिले होते, झोपेत सासूशी भांडणारे पाहिले होते. झोपेत सायकल चालवणारा हा पहिलाच.

ही सायकलच्या दुकानाची मागची खोली. रस्त्यावर बर्फ साचला की लोक आपापल्या सायकली इथे आणून छताच्या आकड्यांना टांगून जात. त्या टांगलेल्या चाकांखाली, भिंतीकडे तोंड करून, दोन लोखंडी स्टँड होते. मागचं चाक त्यात अडकवायचं, चाकाला एक रोलर घट्ट दाबून बसायचा, आणि मग मारा हवं तेवढं पेडल. भिंत काही जवळ येत नाही.

"मावशी, हे कोण?" तिने हळूच विचारलं.

दुकानाची मालकीण साऱ्या गल्लीची मावशी होती. नखांत कायमचं ग्रीस, गळ्यात दोरीला लटकलेला चष्मा. "बेकरीवाला आहे गं," ती पुढच्या खोलीतूनच म्हणाली. "रात्रभर भट्टीपुढे असतो. आजपासून तुझ्या शेजारी. घोरला तर सांग."

सिस्टरने आपली सायकल स्टँडला लावली आणि पाय मारायला सुरुवात केली. रोलरच्या घरघरीने तो जागा झाला. कपाळावर हँडलचा लाल वळ, भुवयांत पीठ.

"पोचलो का?" त्याने विचारलं.

"कुठे?"

"वर."

"नाही. समोर अजून भिंतच आहे."

"मग बरोबर आहे रस्ता," तो म्हणाला, आणि पुन्हा पाय मारू लागला.

तिला हसू आलं. सकाळच्या त्या वेळी, पायांत गोळे आणि डोळ्यांत वाळू असताना, हसू येणं म्हणजे जरा अतीच होतं.

त्याचं प्रकरण साधं होतं. बर्फ वितळला की टेकडीवर शर्यत व्हायची. तो दरवर्षी भाग घ्यायचा आणि दरवर्षी शेवटून पहिला यायचा. "लोक टाळ्या वाजवून वाजवून घरी जातात, मग मी येतो," तो म्हणाला. "यंदा निदान एक तरी टाळी ऐकायचीय. तुम्ही कशाला?"

"मला दिवस हवेत," ती म्हणाली.

तिला म्हणायचं होतं दिवसपाळी, पण थकलेल्या माणसाच्या तोंडून वाक्यं अर्धीच बाहेर पडतात. त्याने मात्र मान हलवली. रात्री जागणाऱ्याला ते अर्धं वाक्य पुरलं.

टेकडीवरच्या वस्तीत मोटार जात नसे. गल्ली अरुंद, चढ छातीवर येणारा. तिथल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बाळंतिणींना घरी जाऊन बघणारी जुनी सिस्टर बर्फ वितळला की निवृत्त होणार होती. मेट्रनबाई स्पष्ट म्हणाल्या होत्या, "जागा तुलाच देईन. पण जुनीबरोबर एक फेरी करून दाखव. सायकलवरून उतरायचं नाही, आणि वर पोचल्यावर हात थरथरता कामा नये. धापा टाकत सुई टोचणारी नर्स मला नको."

बर्फ पडायच्या आधी तिने एकदा करून पाहिलं होतं. मधल्या वळणावर उतरली, सायकल ढकलत वर गेली, आणि वर गेल्यावर तिला स्वतःच्या कोटाचं बटण लावता येईना. नर्सच्या नोकरीत तिला यापेक्षा मोठी नामुष्की आठवत नव्हती.

घरी ती आणि बाबा. ती झोपायला येई तेव्हा बाबा उठलेले असत, ते झोपत तेव्हा ती निघे. कित्येक वर्षं बापलेकीने एकमेकांना धड जागं असं पाहिलंच नव्हतं. बाबा तिचा चहा झाकून ठेवत आणि रोज तेच विचारत, "काय गं, आज कुठवर गेलीस?"

"भिंतीपर्यंत."

"वा. प्रगती आहे."

हिवाळा असा चालला. सकाळी दोघं आपापल्या रात्री खांद्यावर टाकून येत. तिला औषधांचा वास, त्याला ताज्या पावाचा. शेजारी शेजारी बसून एकाच भिंतीकडे बघत. भिंतीवर ओलीचा एक डाग होता. तिच्या मते ते बदक होतं.

"बदक कसलं, बेट आहे ते," तो म्हणे. "तिथे दुपारी बारापर्यंत झोपायची सक्ती आहे."

"तिथे बेकरी आहे?"

"मुळीच नाही. लोक शिळं खातात आणि सुखी असतात."

"आणि दवाखाना?"

"नर्स आहे एक. पण ती झोपलेली असते… तिला उठवायचं नाही, असा कायदाच आहे."

तो हे भिंतीकडे बघूनच बोलायचा. तीही भिंतीकडे बघूनच ऐकायची. समोरासमोर बसून जे बोलायला जन्म गेला असता, ते भिंतीला सांगून होत होतं. पण अजून बरंच राहिलं होतं. कधीतरी घाम पुसताना तिचं कोपर त्याच्या कोपराला लागे, मग थोडा वेळ दोघांच्याही रोलरची घरघर उगाचच वाढे.

मावशी मधूनमधून येऊन तिच्या पुढच्या चाकाखाली आणखी एक फळी सरकवी, चढ वाटावा म्हणून. मग मागे जाऊन नॉब पिळी. तो नॉब पिळला की रोलर चाकावर आणखी दाबून बसे आणि पेडल जड होई. बसल्या जागेवरून तिथे हात पोचत नसे. "उठू नकोस गादीवरून," मावशी बजावी. "उभं राहून चढणारे अर्ध्यात संपतात. बस, श्वास सोड, आणि पाय सावकाश फिरव. घाई कुणाला आहे? भिंतीला?" आणि ती गिऱ्हाईक बघायला निघून जाई.

एका सकाळी सिस्टर आली ती गप्पच. वॉर्डातल्या एका आजीबाई पहाटे गेल्या होत्या, तिचा हात हातात धरून. त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं आणि बेटाचं नावही काढलं नाही. तिचे पाय चिखलातून काढल्यासारखे उठत होते. थोड्या वेळाने तो उतरला. "थांबा हं… बुटाची नाडी सुटली," म्हणत तिच्या मागे जाऊन वाकला.

त्यानंतर का कोण जाणे, पेडल हलकं वाटायला लागलं. आपण बळकट होतोय, तिला वाटलं. दुःखातसुद्धा. त्या सकाळी तेवढंच एक बरं वाटण्यासारखं होतं, म्हणून तिने ते घट्ट धरून ठेवलं.

पुढे त्याची नाडी फारच सुटायला लागली.

"तुम्हाला गाठ मारता येत नाही का हो?" तिने एकदा विचारलं.

"रात्रभर कणीक तिंबून बोटं जड होतात," तो तिच्या मागून म्हणाला.

बर्फ वितळायला लागला. जुनीबरोबरची फेरी जवळ आली, तशी तो म्हणाला, "एकदा खऱ्या टेकडीवर जाऊन बघू या? मीही येतो."

ती मोठ्या ऐटीत निघाली. सबंध हिवाळा घाम गाळला होता, फळ्यांवर फळ्या चढल्या होत्या. चिंता कसली? पहिल्या घरांपर्यंत ठीक गेलं. पुढे चढ अंगावर आला, तसा मांड्यांत जाळ उठला. श्वास सोडायला तो आधी घेता यायला हवा, तोच जमेना. मधलं वळण समोर दिसत असताना पाय थांबले. शरदात ती जिथे उतरली होती, त्याच्याही अलीकडे.

ती हँडलवर वाकून उभी राहिली. तो शेजारी येऊन थांबला. तिची मान खाली होती, त्यामुळे तिला फक्त त्याचे बूट दिसत होते. आखूड, काळे, आणि वरून दोन चिकटपट्ट्या.

ती त्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिली.

"तुमच्या बुटांना नाडी नाहीये," ती म्हणाली.

त्याने एक पाय दुसऱ्यामागे सरकवला. वरून वितळलेलं पाणी गटारातून खळखळत गेलं.

"नॉब," ती म्हणाली. "तुम्ही नॉब सैल करत होता."

"थोडासाच… तुम्ही इतक्या थकून यायच्या. त्या दिवशी तर तुमच्याकडे बघवेना. मला दुसरं काही हलकं करता येत नव्हतं. मग तेवढंच—"

"मला चढ हवा होता रे," ती म्हणाली. आवाज चढवण्याइतकं त्राण नव्हतं, म्हणून ते सावकाशच निघालं. "सगळा हिवाळा मी झोपेतून चढ मागत होते, आणि तू मला उशी देत बसलास. आता वर गेल्यावर माझा हात थरथरला तर तिथल्या म्हाताऱ्यांना काय सांगू? बेकरीवाल्याला माझी दया आली?"

"दया नव्हती," तो म्हणाला.

पण तिने सायकल वळवली होती.

घरी बाबांनी विचारलं, "आज कुठवर?" ती नुसती उशीत तोंड खुपसून पडली. झोप यायला हवी होती, ती येईना. राग होताच. पण रागाच्या बुडाशी दुसरंच काहीतरी टोचत होतं. उभ्या जन्मात कुणी तिचं ओझं हलकं करायला वाकलं नव्हतं. ते तीच करायची, दुसऱ्यांचं. आणि जो एक जण वाकला, तो नेमका तिथे वाकला जिथे वाकायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली. बेकरीवाला नव्हता. मावशीने चष्मा नाकावर चढवला.

"येऊन गेला. तोंड आंबवून ठेवलेल्या पिठासारखं. सगळं सांगितलं मला." मावशी चेन पुसत होती. "चूक माझीही आहे म्हणा. मी एकदा परत येऊन नॉब बघायला हवा होता. पण तुम्ही दोघं भिंतीकडे बघून असे हसत होता की आत यायला संकोच वाटायचा."

"मावशी, आता वेळ किती उरलाय?"

"कमी आहे. पण तुझे पाय काही अगदीच रिकामे नाहीत. सैल का होईना, रोज फिरलेत." मावशीने मान वर केली. "त्याला उद्या बोलावू की नको?"

सिस्टर सायकल स्टँडला लावत होती. "बोलवा," ती म्हणाली. "नॉब त्यालाच पिळायला लावा. माझ्यासमोर."

तो आला. तिच्या मागे वाकण्याआधी तिच्याकडे बघून थांबला. "किती?"

"पूर्ण."

त्याने पूर्ण पिळला. मग आपल्या स्टँडचाही पिळला. पुढच्या साऱ्या सकाळी बेट नव्हतं, बदक नव्हतं, नुसते दोन श्वास आणि दोन रोलर. तिच्या पायांचे तुकडे पडत होते. एकदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्याची बोटं हँडलवर पांढरी पडलेली तिने पाहिली. त्याने नॉबला हात लावला नाही. तिला वाटलं, त्यालाही हा चढच आहे.

एवढंच तो एकदा भिंतीला म्हणाला, "चिडलीस तेव्हा मला ‘तू’ म्हणालीस. आता पुन्हा ‘तुम्ही’ झालं."

"चिडवून बघ परत," ती भिंतीला म्हणाली.

फेरीच्या दिवशी जुनी सिस्टर पुढे, ती मागे, आणि बऱ्याच अंतरावर पावांची टोपली घेऊन बेकरीवाला. वर पाव पोचवायचे होते, असं त्याचं म्हणणं. मावशीच्या मते वस्तीतल्या कुणीही कधी त्याच्याकडे पाव मागितलेले नव्हते.

मधल्या वळणावर तिचे पाय थांबायला आले. मागे तो होता, तिला माहीत होतं. त्याने आवाज दिला नाही, पाठीला हात लावायला पुढे आला नाही. ती गादीवर बसून राहिली. श्वास सोडला. घाई कुणाला आहे? पाय फिरला. मग दुसरा. वळण मागे गेलं, आणि तिला आनंद वगैरे काही झाला नाही, नुसतं वाटलं, बरं झालं, आता पुढचा.

वर पहिल्याच घरात एक आजोबा बाही वर सरकवून बसले होते. जुनी सिस्टर हाताची घडी घालून दाराशी उभी राहिली. सुई आत गेली तरी आजोबा आपले हरवलेल्या चष्म्याचंच सांगत होते.

"टोचलंस की नाही अजून?" त्यांनी मग विचारलं.

जुनीने हात सोडले. "मेट्रनबाईंना सांगते," ती म्हणाली. "माझे गुडघे सुटले बाई एकदाचे."

फेरी संपली तेव्हा बेकरीवाला वस्तीच्या शेवटच्या कठड्यावर बसला होता. टोपली तशीच भरलेली. ती शेजारी बसली. दोघांच्या समोर पहिल्यांदाच भिंत नव्हती. खाली ओली छपरं, धूर, तिच्या दवाखान्याची चिमणी. इतकं सगळं एकदम बघायची सवय नव्हती. दोघांनाही कुठे बघावं कळेना.

"दया नव्हती," तो म्हणाला. "पुढचं त्या दिवशी सांगायचं राहिलं. मी ती शर्यत केव्हाच सोडून दिली असती. सकाळी तिथे यायचो ते… तू यायचीस म्हणून."

त्याने तिचा हात हातात घेतला. तो थरथरत होता.

"सुई देताना थरथरला?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही. आत्ताच लागलाय थरथरायला."

त्याने पकड आणखी आवळली. मग अगदी जपून म्हणाला, "सैल करू का?"

"नको," ती म्हणाली. "राहू दे घट्ट."

मग तिने त्याच्या पीठ लागलेल्या खांद्यावर डोकं टेकलं. काहीतरी आणखी बोलायला हवं, तिला वाटत होतं, बाबांना आज काय सांगायचं तेही ठरवायला हवं… पण भर दिवसाचं ऊन पापण्यांवर आलं होतं, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिला झोप लागली. त्याने तिला उठवलं नाही. बेटावर तसा कायदाच होता.