नाही शोभत!

ते दिवस मीटरने कापड घेऊन शिवायला टाकण्याचे होते. धाकटी कापडाच्या दुकानात शिरली ती फक्त अस्तर घ्यायला. पण समोरच निळ्या फुलांचं कापड उलगडून पडलं होतं आणि तिचा हात आपसूक त्याच्यावर गेला.

"खांद्यावर टाकून बघा ना," काउंटरमागचा उंचेला मुलगा म्हणाला. मालकाचा भाचा होता तो.

"नको हो. ताई म्हणते, मी बुटकी. फुलाफुलांचं घातलं की पडदाच चालत आल्यासारखा वाटतो."

त्याने ते कापड स्वतःच्याच अंगाला लावलं नि मान वेळावली. "आणि मी? चादर?"

धाकटीला हसू आवरेना. राखाडी आणि बदामी रंगांत तिचं सगळं कॉलेज सरलं होतं. आता नोकरी लागेपर्यंत चार छान कपडे तरी शिवावेत, असं तिच्या मनात होतंच. तिने कापड खांद्यावर टाकलं. त्याने पाहिलं... जरा जास्तच वेळ पाहिलं.

"नाही शोभत," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात नवा माल येतोय. तेव्हा या."

ती गेली. बारीक ठिपके शोभले नाहीत. उभ्या वेली, तिरके पट्टे, चिमुकल्या कोयऱ्या — काहीच शोभेना. ताग्यांवर तागे उलगडायचे, गप्पांना ऊत यायचा आणि शेवटी त्याची मान नकारार्थी हलायची. कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास आला की धाकटीला अजूनही हुरहूर लागते.

"अरे, गिऱ्हाइकं परत पाठवायला ठेवलंय का तुला?" मामा कपाळाला हात लावायचे.

आणि एक दिवस नोकरी लागली... दूरच्या शहरात.

"साधंच द्या काहीतरी," धाकटी म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. "सोमवारी निघायचंय. आता येणं... नाही व्हायचं."

त्याची कात्री हातातच राहिली. आज बोललो नाही तर ती गेलीच, हे त्याला कळत होतं.

"थांबा — मी खोटं बोललो. शोभत होतं. फुलं, ठिपके, सगळंच! पण तुम्ही घेतलं असतंत तर... परत कशाला आला असतात?"

मामांनी घाईघाईने वर्तमानपत्रात डोकं खुपसलं.

धाकटी कानापर्यंत लाल झाली. मग ओठ दाबून हसली. "अहो, तुमच्या पाठीमागे एवढा मोठा आरसा आहे. मला काय दिसत नव्हतं?"

"म्हणजे... तुम्हीसुद्धा?"

"हो, मीसुद्धा. आता तिकडचा पत्ता लिहून घ्या. आणि याल तेव्हा कापड न घेता या."