दोन खंडांची घंटा

हसा, हसा. घंटाघरापाशी म्हाताऱ्याने टोपी काढली की हसू येतंच. पण दोरोता, तू विचारलंस म्हणून सांगतो. कामिल, तो मोबाईल आधी खिशात घाल. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो ब्लाझेय माझा सख्खा शेजारी होता, आणि तिचं शेपूट तर मी या डोळ्यांनी पाहिलंय.

आपल्या ब्रेस्तोवकात कोणी गेलं की वरच्या लाकडी घंटाघरातली लहान घंटा वाजते. बाप्या असला तर तीन खंड, म्हणजे मध्ये थांबत थांबत तीनदा, बाई असली तर दोन. इथे जन्मलेला माणूस परमुलखात मेला तरी बातमी येईल त्या दिवशी वाजवायचीच. ती ऐकल्याशिवाय गेलेल्याला वाट सापडत नाही, असं आपली जुनी माणसं म्हणायची. ब्लाझेयचा बाप घंटा वाजवायचा, त्याच्यामागे ब्लाझेय.

ब्लाझेयला एक धाकटी बहीण होती, युस्तीना. पाच वर्षांची असल्यापासून घंटेच्या दोराला लोंबकळायचा हट्ट. हात पोचेना, म्हणून बापाने दोराला खाली हातभर तुकडा जोडला आणि पोरीचे तळवे सोलू नयेत म्हणून त्यावर लाल लोकर गुंडाळली. अडुसष्ट साली, एकविसाव्या वर्षी, ती कॅनडाला निघून गेली. एकाहत्तरला बाप गेला, तेव्हा आली नाही. परवानगीवाचून देश सोडलेला, आली असती तर त्या वेळच्या सरकारने सरहद्दीवरच धरून तुरुंगात टाकली असती तिला. हे ब्लाझेयला कळत नव्हतं असं नाही. पण रागाला कुठे डोळे असतात? बापाला मूठमाती देऊन आला, लाल लोकरीचा तो तुकडा कापला आणि चुलीत घातला. पुढे लग्न नाही, पोरबाळ नाही. सेहेचाळीस वर्षं एकट्याचंच ताट वाढून जेवला.

दोन हजार सतराच्या जूनमध्ये पत्र आलं, युस्तीना गेल्याचं. ब्लाझेयने ते भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीमागे खोचलं. घंटा वाजवली नाही. कोणाला सांगितलंही नाही.

त्या वर्षीचा दोन नोव्हेंबर, मृतांचा दिवस, गुरुवार. संध्याकाळचे पावणेसात. दफनभूमीत मेणबत्त्या लावून माणसं घरोघर परतली होती. घंटा ज्यावर झुलते तो कणा दोन दिवस कुरकुरत होता, म्हणून ब्लाझेय वंगणाचा डबा घेऊन निघाला. धुकं होतं. गिरणीजवळच्या पुलावर एक बाई उभी होती. साठी-सत्तरीची, डोक्याला रुमाल, हातात काही नाही.

"घंटाघराकडे जायचंय," ती म्हणाली. "वाट दाखवता?"

ब्लाझेयला त्यात नवल वाटलं नाही. दर वर्षी अमेरिकेतनं दोन-चार जण येतातच, पणज्याचं नाव कागदावर लिहून.

"चला, मीही तिकडेच निघालोय. उशीर केलात, बाई. लोक उन्हाळ्यात येतात. येतात, कुंपणाचा फोटो काढतात, डोळे पुसतात नि जातात. एकाने तर माझ्या गोठ्यालाच आजोबांचं घर समजून मिठी मारली! बकरी बिचारी घाबरली."

ती हसली नाही.

"गिरणीचं चाक ऐकू येत नाही," ती म्हणाली.

"चाक? ते एकोणऐंशीत बंद पडलं. तुम्हाला कोणी सांगितलं चाकाचं?"

ती चालू लागली. कॉलऱ्याच्या साथीतला दगडी क्रूस आला. तो धुक्यात दिसतही नव्हता, तोवर तिने हात पुढे करून त्याच्यावर टेकवला... आपण सगळे टेकवतो तसा.

पुढे चौक. तिथे पूर्वी लिपाचं मोठं झाड होतं. चौऱ्याहत्तरच्या वादळात पडलं. मुळंसुद्धा खणून काढली. आता नुसतं सपाट डांबर.

ती त्या डांबरावर सरळ चालली नाही.

वळसा घातला. डावीकडून. मुळांवरनं पाय उचलत...

ब्लाझेय जागच्या जागी थांबला. डबा हातातनं पडला. गडगडत गेला. ती मात्र चालत राहिली. पावलांचा आवाज नव्हता.

घंटाघराच्या दाराशी ती उभी राहिली. पाठमोरी.

"युस्ता..." तो म्हणाला.

"माझी वाजली नाही रे, दादा."

तो पुढे सरकला.

"जूनपासून चालतेय. फार दमले."

एवढंच. मग ती नाही, नुसतं धुकं... आणि दार.

तुम्हाला काय सांगू, पोरांनो, त्या रात्री घंटा कशी वाजली! मी सपाता घालूनच पळालो. एक खंड... दुसरा खंड. बाईमाणूस. अर्धं गाव गोळा झालं.

"कोण गेलं?" मी विचारलं.

"माझी युस्तीना."

"अरे देवा! कधी?"

"जूनमध्ये." दोर धरून तो लहान पोरासारखा रडत होता. "वेंडेल, मी तिला पाच महिने रस्त्यावर ठेवलं रे."

त्याच रात्री माझ्या स्वयंपाकघरात बसून त्याने हे सगळं सांगितलं. पत्रही दाखवलं. मी दोन पेले ओतले, पण त्याने हात लावला नाही. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाला, "माझी कोण वाजवणार रे? घरात दुसरं माणूस नाही." मी म्हटलं, "मी आहे ना. आधी मरून तर दाखव!" असलं बोलून गेलो. अजून लागतं मनाला.

पुढच्या जानेवारीची एकोणीस तारीख. पहाटेचे चार वाजून दहा मिनिटं. गुडघाभर बर्फ. घंटा वाजायला लागली.

एक खंड. दुसरा. तिसरा...

मी ब्लाझेयकडे धावलो. तो अंथरुणात होता, हात छातीवर. अंग अजून कोमट होतं. घंटाघराची किल्ली त्याच्या गळ्यात.

तीच काढून घेतली आणि वर गेलो. घंटाघराभोवती बर्फावर पाऊल नव्हतं. कुलूप लागलेलं. उघडलं... कंदील वर धरला.

दोर हलत होता. हळूहळू.

आणि त्याला खाली हातभर तुकडा जोडलेला होता. पाच वर्षांच्या पोरीचा हात पोचेल एवढा. त्यावर लाल लोकर.

नाही, कामिल, मी तो तुकडा काढला नाही. आता घंटा मीच वाजवतो, हात वर धरून, त्याला न लागता. उद्या उजाडलं की जाऊन बघ. लोकर अजून नवी आहे.