उलटा हात

ही गोष्ट खरी आहे. मला कोणी सांगितलेली नाही, मी त्या खोलीत उभी होते. विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, माझं काही अडत नाही.

भुतं रात्री येतात म्हणे. आमच्याकडे आलं ते उन्हाळ्यातल्या भर दुपारी, बाहेर रस्त्यावर हॉर्न वाजत असताना.

माझा मामा जुने विजेचे पंखे दुरुस्त करतो. पितळी पात्यांचे, बिडाच्या बैठकीचे, उचलताना कंबर धरेल असे. घराची पुढची खोली म्हणजेच त्याचं वर्कशॉप. घटस्फोटानंतर मी मामा-मामीकडेच राहते आणि गिऱ्हाइकांशी मीच बोलते, कारण मामाला पंख्यांशी बोलता येतं, माणसांशी नाही.

हे पंखे आजच्या घरातल्या विजेसाठी बनलेलेच नाहीत. तेव्हाचा दाब निम्मा होता. सरळ प्लग लावला तर आतली गुंडाळी जळते, आणि तारांवरचं कापड कुजलेलं असेल तर अख्ख्या लोखंडात करंट उतरतो. म्हणून मामा आधी मध्ये एक बल्ब जोडून बघतो. बल्ब मिणमिणला तर ठीक, भगभगून पेटला तर पंख्यात दोष. मग दाब कमी करणारा ट्रान्सफॉर्मर. मग अर्थिंगची वायर, चुकून करंट उतरलाच तर तो जमिनीत नेणारी.

आणि सगळ्यात शेवटी तो स्वतः पंख्याला हात लावतो.

उलटा हात. तळवा कधीच नाही. करंट लागला की मूठ आवळते आणि माणूस चिकटतो. उलटा हात मात्र आपोआप मागे फेकला जातो.

त्याच्या हातून गेलेल्या पंख्यामुळे आजवर कोणाला साध्या झिणझिण्याही आल्या नव्हत्या. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान.

त्या दुपारी एका लॉन्ड्रीचे मालक पंखा घेऊन आले. म्हातारे, कडक इस्त्रीचे कपडे, बोलणं गोड. नव्या दुकानात शोभेसाठी हा पंखा चालू हवा होता. मामाची कळी खुलली.

मामी पाणी घेऊन बाहेर आली. तिने पंख्याकडे पाहिलं. बैठकीवर इस्त्रीच्या टोकाचा काळा डाग होता.

पेला तिथेच ठेवून ती आत निघून गेली.

मालक गेल्यावर ती बोलली. आईवडील गेल्यावर तिला तिच्या ताईने वाढवलं. ताई याच लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मामी तेव्हा लहान होती, ताईच्या टेबलाखाली बसून खेळायची. तो डाग ताईच्याच इस्त्रीचा. दुकानात जास्त दाबाची नवी लाइन आली तेव्हा मालकांनी हा पंखा तसाच त्या लाइनवर जोडला. ओल्या फरशीवर अनवाणी उभी असलेली ताई पंख्याला चिकटली ती सुटलीच नाही. मालकांनी सगळ्यांना सांगितलं, बाई स्वतःकडे वारा वळवायला गेली, तिचीच चूक.

"जसा आलाय तसा परत द्या," मामी म्हणाली. "अर्थिंग घालू नका."

"माझ्या हातून असा पंखा जाणार नाही," मामा म्हणाला.

"मग माझ्या हातून जाऊ दे."

एकीकडे त्याचं नाव, दुसरीकडे मामीची ताई, आणि मध्ये मालकांचा जीव. खरं सांगू? मी मामीच्या बाजूने होते. पण मामा एकदा हट्टाला पेटला की देवाचंही ऐकत नाही. त्याने नवी गुंडाळी भरली, नव्या तारा घातल्या, अर्थिंग जोडलं. मामीने त्याच्याशी अबोला धरला.

आणि मग सुरू झालं...

आधी वास. गरम इस्त्री ओल्या कापडावर ठेवली की येतो तो. आमच्याकडे कोणी इस्त्री करत नव्हतं.

मग तो बल्ब... बटण बंद, तरी मिणमिणायचा.

मग पंख्याची मान. मामाने ती समोर करून स्क्रू पिळून घट्ट केली होती. जेवून परत आलो तर... मान आतल्या दाराकडे. जिथे मामी दुपारची पडायची.

प्लग खाली जमिनीवर होता.

पाती फिरत होती.

मी दारातच थबकले. मामा मात्र टेस्टर घेऊन बसला. बिडाला लावला, पात्यांना लावला, सगळीकडे लावला. करंट नाही. उलटा हात लावला. काही नाही. मलाही लावायला सांगितलं. मी लावला. बीड गार होतं, पाण्याने पुसल्यासारखं ओलसर.

ठरल्या दिवशी दुपारी मालक आले. मामाने त्यांच्यासमोर सगळं पुन्हा केलं. बल्ब मिणमिणला. पंखा फिरला, घरभर वारा आला. मामाने उलटा हात लावून दाखवला आणि म्हणाला, एकदा तुम्हीही लावून खात्री करा, मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करायला लावतो.

मालकांचा चेहरा उतरला. हात मागे बांधून ते दोन पावलं सरकले. मग माझ्याकडे बघून गोड हसले.

"तू लाव ना बाळ. काही होत नाही."

आतल्या दारात मामी उभी होती. ती कधी आली ते कळलंच नाही.

"ताईलाही हेच म्हणाला होतास," ती म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला तिने 'अरे-तुरे' केलेलं मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. "तुला आधी झटका बसला होता. तुला माहीत होतं. मग तू तिला सांगितलंस, तू लावून बघ. मी टेबलाखाली होते."

मालक काहीतरी पुटपुटले. बाई, इतकी वर्षं झाली, तुम्ही लहान होता, असलं काहीतरी.

पंख्याची मान हलली...

हळूहळू, कुरकुरत, ती मालकांकडे वळली.

मामाने झेप घेऊन प्लग काढला. प्लग त्याच्या हातात, वायर लोंबकळत होती. पाती फिरतच राहिली. फरशीवर एकेक करून अनवाणी, ओली पावलं उमटली... पावलं मालकांच्या मागे येऊन थांबली.

मालकांचा हात पुढे येऊ लागला. ते मागे ओढत होते, तरी येत होता. उलटा हात, मामाने दाखवला तसा.

मग कोणीतरी मनगट धरून फिरवावं तसा... तो तळव्यावर फिरला.

बोटं बिडावर आवळली.

मामाने लाकडी फळी घालून हात सोडवायचा प्रयत्न केला. सुटेना. तो मामीकडे वळला. "अगं, तुझी बहीण आहे ना? सांग तिला. तुझं ऐकेल ती. सोड म्हण."

मामी मालकांकडे बघत उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. ओठ हलले, मला वाटलं म्हणेल.

ती काहीच म्हणाली नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. तपासायला आलेल्या माणसाने पंखा दिवसभर चालवून पाहिला, दोष सापडला नाही. मामाच्या नावाला बट्टा लागला नाही, पण त्या दिवसापासून तो पंखे घेत नाही. मिक्सर दुरुस्त करतो. मामीशी बोलतो, पण तिच्याकडे न बघता.

पंखा मालकांच्या मुलाने नेला, वडिलांची आठवण म्हणून. आता तो नव्या दुकानात आहे.

परवा त्या मुलाचा फोन आला. पंख्याची मान सारखी त्याच्या खुर्चीकडे वळते, येऊन घट्ट करून द्या. मामाने लगेच हत्यारांची पिशवी उचलली. कोणाचा जीव जाऊ नये यासाठी तो आजही धावत जाईल.

मामीने त्याला अडवलं नाही. एवढंच म्हणाली, "वळलेली मान पुन्हा जागेवर कोण आणतं, ते विचारा."

मामाने विचारलं. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"मी कशाला हात लावू?" मुलगा हसून म्हणाला. "इस्त्रीवाली बाई आहे ना. तिलाच सांगतो, तू लाव, काही होत नाही."

मामाने फोन बंद केला.

मग त्याने पिशवी खाली ठेवली.

दोन दिवस झाले. त्या मुलाला सावध करायला मी सकाळपासून कितीदा तरी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. आत्ता दुपार आहे, मामी आत पडली आहे, आणि घरात पुन्हा ओल्या कापडाचा वास येतोय...