पडतानाचा आवाज

"ताई, गेममधून तुझा आवाज काढावा लागतोय," धाकट्याने ताटावरून मान वर न करता सांगितले, आणि ताईच्या हातातला डाव पातेल्यातच थांबला.

नोकरी सोडून दोन मित्रांबरोबर तो व्हिडिओ गेम बनवत होता. हरवलेल्या बहिणीला शोधत कडेकपारी ओलांडणारी एक मुलगी... तिचा आवाज ताईचा होता. वडील गेल्यावर ताईने घरी गाण्याची शिकवणी घेऊन, त्याच गळ्यावर धाकट्याला लहानाचा मोठा केला होता. मग या कामाला परकी बाई कशाला, असे तिलाच वाटले. मागच्या खोलीत भिंतींना गाद्या टेकवून त्याने पहिल्या दिवशी नुसत्या किंकाळ्या घेतल्या, कारण गेममध्ये मुलीचे मरणेच आधी तयार झाले होते! उरलेल्या गळ्यात दुसऱ्या दिवशी मुलीचे संवाद. पुढे गेम बदलत गेला, तसा तो रोज दारात उभा राही. कडा उंच झालाय ताई, जरा लांब ओरड.

"शेजारी विचारतात, तुमच्याकडे रोज कोण मरतं?" आई म्हणायची, आणि तिघेही हसायची.

आता गेम विकणाऱ्या कंपनीला मुलीचे बोलणे घोगरे वाटत होते. उद्या शिकलेली आवाज-कलाकार येणार होती.

"तू घशाची काळजी घ्यायला हवी होतीस," पाणी पिता पिता तो म्हणाला.

ताईने ताटे उचलली. वरचे सूर कधीच गेले होते, डॉक्टरांनी मौन सांगितले होते, शिकवणीच्या मुलांना तिने कंटाळा आल्याचे खोटे कारण देऊन परत पाठवले होते... यातले काही तिने ओठांवर येऊ दिले नाही. पण ते एक वाक्य काळजात रुतून बसले.

कलाकार बाई आली. तिने आधी जुने आवाज ऐकायला मागितले, आणि कोणते कधी घेतले ते धाकट्याने हौसेने सांगितले. ऐकता ऐकता तिचा चेहरा उतरला.

"किंकाळ्या सगळ्यात शेवटी घेतात हो. मग गळ्याला विश्रांती. तुम्ही आधी घेतल्या, वर रोज घेतल्या? ज्यांचा हा आवाज, त्या बाई करतात काय?"

"गाणं शिकवते."

"शिकवत होती," आई दारातून म्हणाली. "मुलं यायची थांबली, ते तुला दिसलं नाही."

धाकटा स्वयंपाकघरात आला तेव्हा ताई पाठमोरी होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू थांबला असतास."

"थांबलोच असतो!"

"म्हणूनच." मग फुटक्या आवाजात ती म्हणाली, "त्याचं दुःख नाही रे. काळजी घ्यायला हवी होतीस म्हणालास... ते लागलं."

तो खाली बसला आणि तिच्या गुडघ्यांना डोके टेकवून लहान मुलासारखा रडला. कंपनीला नकार देतो, तुझाच आवाज ठेवतो, असे म्हणू लागला. ताईने ऐकले नाही. त्याच्या दोन मित्रांच्याही चुली त्या गेमवर होत्या.

मुलीचे संवाद कलाकार बाईने म्हटले. पहिल्या दिवशीच्या किंकाळ्यांना मात्र तिने हात लावू दिला नाही. असा गळा पुन्हा मिळायचा नाही, म्हणाली.

गेम पुरा झाला, तेव्हा धाकट्याने ताईला शेजारी बसवून खेळायला घेतला. मुलगी दुसरीच्याच गोड आवाजात बोलत होती. तो मात्र तिला जपून नेत होता. अवघड कडा आला की मागे फिरे, पुन्हा वाट शोधी, घाम पुशी, पण तिला एकदाही पडू देईना. संध्याकाळ सरत आली, तरी मुलगी त्याच कड्याशी घुटमळत होती.

ताईला सारे उमगले. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"पडू दे रे तिला," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्याशिवाय मी कशी ऐकू येणार?"

त्याने बोट उचलले... आणि तिचा जुना, भरलेला, अखंड आवाज घरभर घुमला. आई हातातले काम टाकून दारात येऊन उभी राहिली.