एकाच चपलेचा आवाज

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण हे घडलंय. मेलबर्नजवळच्या टार्निटची करुणा, माझी सख्खी चुलत बहीण, तिच्यासोबत. थापा मारणाऱ्यातली ती नाही.

करुणा कोर्टात मराठी दुभाषी आहे. मेलबर्नबाहेरची गावंही करते. गेल्या जूनमधला मंगळवार, सकाळचे साडेनऊ. दोन तास गाडी हाकून ती एका लहानशा गावच्या कोर्टात पोचली. एका मराठी बाईच्या मृत्यूची चौकशी होती. तिच्या नवऱ्याची साक्ष इंग्रजीत सांगायची होती.

बाहेरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई बसल्या होत्या. सुती साडी, वर कुणाचं तरी मोठं जॅकेट.

"मराठी का गं तू, पोरी?"

दुभाष्याने साक्षीआधी कुणाशी बोलत बसायचं नसतं. पण असल्या आडगावात मराठी कानावर पडलं आणि करुणा विरघळलीच. बसली की शेजारी.

"मी घसरले नाही. एवढंच आत सांग. सांगशील ना?"

म्हातारीचं वेगळं काही प्रकरण असेल, असं तिला वाटलं. सवयीनं बोलून गेली, "हो मावशी, सांगते."

मावशी उठून आत गेल्या.

चट... मग काहीच नाही... चट...

एका पायात चप्पल होती. दुसरा पाय अनवाणी.

आत शांताराम नावाचे आजोबा साक्षीला उभे राहिले. त्यांची बायको गंगुबाई मुलाच्या घरी जिन्यावरून पडून गेली होती.

"ती घसरली," ते म्हणाले.

तेवढ्यात स्क्रीनवर जिन्याचा फोटो आला. वरच्या पायरीवर एक चप्पल.

मग गंगुबाईंचा फोटो.

बाकावरच्या मावशी!

करुणानं दुभाषी म्हणून शपथ घेतली होती, साक्षीदार बोलेल तेवढंच सांगायचं. सगळे तिच्याकडे बघत थांबले.

मागून आवाज आला...

चट...

कुणीच मान वळवली नाही. आजोबा मात्र पांढरेफटक पडले.

करुणा इंग्रजीत म्हणाली, ती घसरली.

आवाज थांबला. अपघात म्हणून नोंद झाली.

तेव्हापासून जीलाँग असो, सनशाइन असो, बॅलरॅट असो, करुणा पोचायच्या आधीच कोर्टाबाहेरच्या बाकावर कुणीतरी बसलेलं असतं. ती तिकडे बघतच नाही. हे काम सोड म्हणून मी किती डोकं फोडलं, पण ऐकेल तर शपथ.

काल दुपारी तिचा फोन आला. पोरांच्या शाळेचं काहीतरी सांगत होती.

अचानक तिच्या मागे, लाकडी फ्लोअरवर...

चट...

मग रडवेल्या आवाजात ती म्हणाली, "मावशी, माझा नाइलाज होता हो."

मी तिची चुलत बहीण. मला ती मावशी कशाला म्हणेल?